तोंडाला दार नसलेली बाई

"सांगतलं तर काय बिघडते?" हे तिचं पालुपद. दुसऱ्याचं गुपित चारचौघांत सांडून झालं की ती ओढणीनं कपाळ पुसायची आणि हे वाक्य टाकायची. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण त्यांच्यासोबत एका घरात राहण्याची पाळी तुमच्यावर आली नसेल.

माझ्यावर आली. मी साताऱ्याहून नोकरीसाठी रायपूरला आले, तेव्हा ऑफिसातल्या या एकमेव मराठी बाईनं चौबे कॉलनीतल्या तिच्या भाड्याच्या घरात मला जागा दिली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. दोघी चाळिशी ओलांडलेल्या, दोघी एकट्या; साम्य तेवढंच. मी कपाटालाही कुलूप लावणारी, तर तिचं पुढचं दार दिवसभर सताड उघडं. मी आठवड्यात बोलेन तितकं ती दात घासताना बोलायची. भाजीवाल्या दीदीला माझं पित्त ठाऊक, बसच्या ड्रायव्हर भैयाला माझं मोडलेलं लग्न.

"त्याला कशाला सांगितलंस?" मी ओरडायचे.

"त्यानं पुसलं ना बाई! मुकी बसू काय?"

तीन महिन्यांत दुसरं घर बघायचं मी ठरवलं होतं. बघितलं नाही. तिनं माझ्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायला सुरुवात केली, म्हणजे आत आल्यावर वाजवायची. मीही सांगण्यासारखं काही तिच्यासमोर बोलणं बंद केलं. असं आमचं जमलं. मैत्री म्हणा हवं तर.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. माझा डावा कान गेला होता आणि उजवाही मंदावत चालला होता. बढती तोंडावर होती, म्हणून मी गप्प होते.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना ती धावत आली आणि तिनं गॅस बंद केला. माझ्या पाठीमागे दोन हातांवर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. वरण करपलं होतं. ती माझ्या मागे गेली, काहीतरी बोलली असावी, आणि पुढे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तुले ऐकू नाही येत."

"कुणाला सांगू नकोस."

"हव."

तिच्या होकाराची किंमत मला माहीत होती. दोन दिवसांत तेलीबांध्याच्या तळ्यावरचे चणेवालेही माझ्या कानाची चौकशी करतील, असं मी धरून चालले. कुणी केली नाही. महिना गेला, दुसरा गेला. काही नाही.

उलट मीटिंगमध्ये ती माझ्या उजव्या हाताला बसायला लागली आणि साहेबांचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणायला लागली. "मतलब सर, रिपोर्ट शुक्रवार तक?" "मतलब सर, दोनों जिलों की?"

एक दिवस साहेब वैतागले. "मैडम, आप तोता हैं क्या?"

सगळे हसले. तीही हसली. तेव्हापासून ऑफिसात तिचं नाव मिठ्ठू मैडम पडलं. मी काय करत होते? वहीत शुक्रवार टिपून घेत होते. जिच्या तोंडाला दार नाही म्हणून मी नाक मुरडायचे, तिच्याच तोंडामागे दीड वर्ष लपून बसले आणि तिच्यासाठी एक शब्द बोलले नाही. बढतीही घेतली. आता सांगा, आमच्यातली हलकी कोण?

"लोक हसतात तुला," मी एकदा घरी म्हणाले.

"हसून राहिले तर हसू दे. तू मशीन लाव ना कानाले."

"लोकांना दिसेल."

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिच्यासाठी तो विक्रमच होता.

गेल्या हिवाळ्यात तिची आई अंथरुणाला खिळली. बदली मागून ती जवळच्या अभनपूरला, आईकडे निघून गेली.

पुढच्या सोमवारी साहेब माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. शेजारची खुर्ची रिकामी होती. नेहमीसारखी मान डोलावली असती तर भागलं असतं. पण कोपऱ्यात कुणीतरी "मिठ्ठू" म्हटल्यासारखे ओठ हलवले आणि दोघं-तिघं हसले.

मी उभी राहिले. "सर, मुझे कम सुनाई देता है. बहुत दिनों से. मैडम मेरे लिए दोहराती थीं. फिर से कहिए."

खोली इतकी गप्प झाली की क्षणभर मला वाटलं, माझा उजवा कानही गेला.