युवराज्ञीची ओटी आणि माझं कॅप्शन

“इथून काप,” आमचा संपादक क्रेग म्हणाला आणि त्याने माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. बोट युवराज्ञीच्या छातीखाली होतं. “आणि इथपर्यंत.” दुसरं बोट गुडघ्यांच्या वर. मधे उरलं काय, तर एक पोट, पोटाशी धरलेला हात आणि त्या हातात खणात ठेवलेला नारळ.

“पहिलं पान,” तो म्हणाला. “हेडलाइन तयार आहे. ‘बंप’. बाकी काही नको.”

बंप म्हणजे गरोदर बाईचं पुढे आलेलं पोट. आमच्या धंद्यात हा शब्द सोन्याच्या भावाने विकला जातो. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि पाचला पान बंद व्हायचं होतं.

मी सिडनीतल्या एका वर्तमानपत्रात पिक्चर एडिटर आहे. फोटोग्राफर एका कार्यक्रमाचे पाचसहाशे फोटो पाठवतो, त्यातून चारपाच निवडायचे, ते कुठून कापायचे ते ठरवायचं आणि खाली कॅप्शन लिहायचं, हे माझं काम. कापण्याला क्रॉप म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण नवरा-बायको एका फ्रेममध्ये हसत असतात आणि पुढच्याच फ्रेममध्ये ती शिंकते. शिंकेचा फोटो घेऊन नवऱ्याला कापलं की “दोघांत बिनसलं” अशी बातमी तयार. मीही असं केलेलं आहे. खोटं कशाला बोलू?

तर ते राजघराण्यातलं जोडपं ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होतं. नावं सांगणार नाही आणि तुम्हीही तर्क लढवू नका. त्या तर्कांचीच ही गोष्ट आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि सगळ्या जगाचा डोळा तिच्या पोटावर होता. सैल फ्रॉक घातला, बातमी. वाइन नको म्हणाली, बातमी. सपाट चपला घातल्या, तरी बातमी. तिच्या पोटाच्या फोटोंचा आमच्याकडे वेगळा फोल्डर होता. तो मीच केला होता.

त्या दिवशी सकाळी ते दोघं ब्लॅकटाउनच्या कम्युनिटी हॉलमध्ये आले. मराठी मंडळाला पंधरा मिनिटं मिळाली होती. मंडळाने ठरवलं, युवराज्ञीची ओटी भरायची. आत एकाच फोटोग्राफरला परवानगी होती आणि तो आमचा बेन. याला पूल म्हणतात. एकाने फोटो काढायचे आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी, परदेशातल्या वेबसाइट्सनी तेच वापरायचे. कॅप्शनसुद्धा तेच. म्हणजे मी जे लिहीन ते जगभर जाणार.

आणि मी काय लिहिलं? “पारंपरिक हिंदू विधी. विवाहित स्त्रीला संततीचा आशीर्वाद.”

घाई होती. ओटी म्हणजे काय हे इंग्रजीत एका ओळीत सांगायचं होतं. हाताला लागला तो शब्द घातला आणि पाठवून दिलं. कॅप्शनचा पहिला नियम असा की फ्रेममध्ये दिसतं तेवढंच लिहायचं. हा नियम मी बावीस वर्षं नव्या पोरांना शिकवतेय. फ्रेममध्ये तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ एवढंच होतं. संतती कुठेच नव्हती. ती मी घुसवली.

“हे तुझेच शब्द आहेत, मेट,” क्रेग म्हणाला.

“अर्धवट आहेत. लग्न झालेल्या कुठल्याही बाईची ओटी भरतात. लेक सासरी निघाली, भरतात. पाहुणी घरी निघाली, भरतात. देवीचीसुद्धा भरतात. माझ्या आजीची पंचावन्नाव्या वर्षी भरली होती.”

“मग काय झालं?”

“काय होणार? तिला संधिवात झाला.”

क्रेग हसला नाही. “पण मुलाबाळांचा आशीर्वाद असतो की नाही त्यात?”

“असतो. बर्थडे कार्डावर आपण शंभर वर्षं जग असं लिहितो. म्हणून तो माणूस शंभर वर्षांचा झाला असं छापतो का आपण?”

“जॅस, तिने हात पोटावर धरलाय.”

“नारळ धरलाय. जड असतो. तू धरून बघ.”

क्रेग वाईट माणूस नाही. पण पहिलं पान दिसलं की त्याला बाकी काही दिसत नाही. तो म्हणाला, “ओटी भरणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंना फोन लाव. तुझी भाषा आहे. ‘बाळ होऊ दे’ म्हणाले, असं त्यांचं एक वाक्य हवं. नाव, वय, सबर्ब. चारपर्यंत.”

बाईंना मी ओळखत होते. कमलकाकू. वय चौऱ्याहत्तर. मूळच्या पुण्याच्या, ब्लॅकटाउनला मुलाकडे राहतात. माझ्या मुलीला त्यांनी दोन वर्षं रविवारचं मराठी शिकवलं. मुलगी अजूनही मला इंग्रजीतच उत्तर देते, तो दोष काकूंचा नाही.

“काकू, जसिंता बोलतेय.”

“बोल. फोटो बरा आलाय का? मला कोणी दाखवला नाही. नुसते बोलताहेत.”

“कोण बोलतंय?”

“मंडळाच्या ग्रुपवर. सकाळपासून चाललंय. कमलताईंना एवढंही कळू नये का, म्हणे.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फोटो पुन्हा उघडला. काकूंच्या मनगटात घड्याळ होतं, बांगडी एकही नाही. कपाळ मोकळं. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. मी मराठी बाई, वसईत वाढलेली, मला हे पहिल्या नजरेत दिसायला हवं होतं. मी पण पोटच बघत बसले होते.

ओटी सवाष्णीने भरायची, म्हणजे जिचा नवरा हयात आहे तिने, अशी रीत. नवरा गेलेल्या बाईचा हात लागू द्यायचा नाही. तो अशुभ. ब्लॅकटाउनला येऊनही काही लोक हे मानतात. अशा गोष्टींना विमानात वजन लागत नाही ना.

“ताट अध्यक्षांची बायको घेणार होती,” काकू सांगत होत्या. “मी नुसती ताट धरून उभी. ती नेमकी नवरा फोटोत हवा म्हणून त्याला शोधायला गेली. आणि ही पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, हे काय आहे? आता तिला काय सांगू? थांब बाई, नवरा असलेली कोणी येऊ दे? माझी मलाच लाज वाटली. म्हटलं गेलं खड्ड्यात, आणि भरली ओटी.”

“तिने पोटाशी हात धरलाय, काकू.”

“मीच धरवला. फ्रॉकला पदर कुठला? खण तिच्या हातांवर पसरला. नारळ कलंडायला लागला, तर तिचा हात धरून पोटाशी नेला. होल्ड, होल्ड म्हटलं. गुणी आहे हो पोर. घट्ट धरलंन.”

मी बेनच्या फ्रेम एकामागून एक बघितल्या. बरोबर. आधी हात पुढे पसरलेले, मग नारळ घसरतोय, मग काकूंचा हात तिच्या मनगटावर. क्रेगला हवी होती ती त्यानंतरची फ्रेम.

पेपर काय छापणार आहे ते मी काकूंना सांगितलं.

“म्हणजे उद्या छापणार की माझ्या ओटीने तिला दिवस गेले,” त्या म्हणाल्या. “आणि तसं नसलं तर? किंवा असलं, आणि देव न करो, त्यातून काही वाईट झालं तर? लंडनचे लोक काय म्हणतील ते मरू दे. आमच्या हॉलमध्ये काय म्हणतील ते मला पाठ आहे. ‘कमलचा हात लागला.’ मरेपर्यंत ऐकत बसायचं मी ते.”

“नाव घालत नाही मी तुमचं.”

“मुलगा पण तेच म्हणतोय. आई, लो प्रोफाइल राहा. का म्हणून? चोरी केली का मी? नाव घाल. नवरा गेलाय तेही घाल. ग्रुपवर कुजबुजतात ना, तुझ्या पेपरात मोठ्याने येऊ दे. फक्त त्या पोरीच्या पोटाचं काही घालू नको. ते तिचं तिला.”

मी फोन ठेवला. मला भयंकर राग आला होता.

वसईत आमच्या शेजारी एक वहिनी होत्या. आम्ही ख्रिश्चन, ते हिंदू, पण दर नाताळात आई माहेरी निघाली की वहिनी तिची ओटी भरायच्या. आई तो नारळ मामाकडे न्यायची आणि त्याची वडी व्हायची. बाबा गेले त्या वर्षीही आई निघताना सवयीने वहिनींच्या दारात थांबली, पदर पुढे धरून. वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या त्या साखरेची वाटी घेऊन. तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. आईने पदर सोडला, साखर तोंडात टाकली आणि आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. मी बारा वर्षांची होते. तेव्हाचा तो राग कुठे ठेवावा ते मला कधी कळलं नव्हतं. त्या दुपारी कळलं.

चार वाजता क्रेग आला. “वाक्य मिळालं?”

“मिळालं. हात त्यांनीच पोटाशी नेला, नारळ पडत होता म्हणून. आणि त्या विधवा आहेत. प्रथेप्रमाणे त्यांनी ओटी भरायचीच नसते. त्यांनी भरली. खरी बातमी ही आहे.”

“कोण वाचणार ते? लोकांना बाळ हवंय.”

“लोकांना हवंय म्हणून तिला व्हायला पाहिजे का?”

“जॅस.”

“मी करेक्शन पाठवतेय.”

हे जरा समजावून सांगते. पूलचं कॅप्शन चुकलं, तर ज्याने पाठवलं त्यानेच दुरुस्ती पाठवायची, ताबडतोब आणि सगळ्यांना. त्याला करेक्शन म्हणतात. ते आलं की जुनं कॅप्शन कोणी वापरायचं नाही, असा सगळ्यांनी मान्य केलेला नियम आहे. त्याला संपादकाची सही लागत नाही. ती एकच गोष्ट माझ्या हातात होती.

क्रेगने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. “ते गेलं की आपलंच पहिलं पान गेलं. आणि आपण चुकलो हे सगळ्या जगाला दिसेल.”

“आपण नाही. मी चुकले. कॅप्शनखाली माझं नाव आहे.”

“पुढच्या महिन्यात शिफ्टचा रोस्टर नवा होतोय. विचार कर.”

“कर नवा.”

मी लिहिलं: “दुरुस्ती. आधीच्या कॅप्शनमधला संततीचा उल्लेख चुकीचा होता, तो वापरू नये. हा विधी म्हणजे गरोदरपणाची खूण नाही. निघणाऱ्या पाहुणीला तांदूळ, खण, नारळ देऊन निरोप देण्याची ही महाराष्ट्रातली रीत आहे. नारळ पडू नये म्हणून युवराज्ञींनी तो पोटाशी धरला आहे. ओटी भरणाऱ्या कमलकाकू विधवा आहेत. विधवांनी ओटी भरू नये अशी रूढी आहे. ती त्यांनी मानली नाही.” काकूंना फोनवर वाचून दाखवलं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “फक्त काकू काढ, आडनाव घाल.” आडनाव घातलं आणि बटण दाबलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर बंद पडलेल्या ट्रेन होत्या. फोटो सातव्या पानावर आला, न कापता. त्यात काकू पूर्ण दिसत होत्या. परदेशातल्या दोन वेबसाइट्सनी आधीच बाळ जाहीर करून टाकलं होतं. एकीने बदललं, दुसरीने नाही. नवा रोस्टर आला आणि मी तीन महिने शनिवार-रविवारी पहाटेच्या शिफ्टला घोड्यांच्या शर्यतींचे फोटो कापत होते. घोडे बरे. त्यांच्या पोटाबद्दल कोणी विचारत नाही.

नाताळच्या ऑफिस लंचला क्रेग माझ्या शेजारी येऊन बसला. “आता तरी सांग. होती की नव्हती?”

“फ्रेममध्ये दिसत नव्हतं,” मी म्हटलं.

काकूंचं काय झालं ते सांगते. ग्रुपमधून दोघीजणी बाहेर पडल्या. अध्यक्षांच्या बायकोने काकूंशी बोलणं टाकलं. नवरात्रात त्याच हॉलमध्ये बायकांचा कार्यक्रम होता आणि काकू मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात पर्स धरून. मी मंडळासाठी फोटो काढायला गेले होते. पुढे ओट्या भरणं चाललं होतं. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी बाहेर निघाली. आयटीतली, कॅसल हिलला राहणारी, नवऱ्याच्या नोकरीसाठी त्या आठवड्यात पर्थला कायमची निघालेली. ती सरळ मागे गेली आणि काकूंसमोर पदर पसरून उभी राहिली.

“काकू, माझी तुम्ही भरा.”

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. अध्यक्षांची बायको ताट धरून उभीच राहिली. काकूंनी त्या मुलीकडे पाहिलं, मग त्या ताटाकडे.

“नारळ आणलायस का?” त्यांनी विचारलं. “ताटातला मंडळाचा आहे, त्याला मी हात लावणार नाही.”

मुलीने पिशवीतून सुपरमार्केटचा नारळ काढला. स्टिकरसकट. तिच्या मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्याही पिशव्या जड दिसत होत्या. म्हणजे पोरी ठरवून आल्या होत्या.

धडा एवढाच की फोटो कापायच्या आधी हात कोणाचे आहेत ते बघावं. मी त्या दिवशी एकच फोटो काढला. कापला नाही. खाली लिहिलं: “कमलकाकू ओटी भरताना. ब्लॅकटाउन.”