इंजिनावरचा पेला

पेट्रोल पंपावरून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. “काकू, अण्णा चक्कर येऊन पडलेत… लवकर या,” पंपावरचा माणूस म्हणाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ह्यांनी नावेसाठी घेतलेला डिझेलचा कॅन तेवढा भरून घरी आला. महिना उलटला तरी तो मागच्या दारी तसाच होता. मला त्याला हात लावायचा धीर होईना.

परंड्यासारख्या दुष्काळी गावात नाव म्हटल्यावर लोक हसायचे. पिठाची गिरणी चालवणाऱ्या माणसानं कोकणातून शिडाची जुनी नाव ट्रकात घालून आणली, म्हणजे गावाला आयता विषयच मिळाला. “कुर्डुवाडीची यष्टी धड येत न्हाय, अन् अण्णाचं जहाज निघालं!” हे आपले मिशीत हसायचे. जवळच्या धरणाच्या पाण्यापलीकडं माझं माहेर. ज्या वाटेनं मी लग्न होऊन आले, ती कधीच पाण्याखाली गेली. “तू आलीस त्याच वाटंवरनं तुला म्हायेरी नेतो,” असं ते म्हणायचे. मला तरी दुसरं काय हवं होतं?

वारा पडला तर असावं म्हणून नावेत छोटं डिझेल इंजिन होतं. गिअर टाकला की नाव अंगात आल्यासारखी थरथरायची. ह्यांची गिरणीतली सवय अशी, की यंत्रावर पाण्यानं भरलेला पितळी पेला ठेवायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं. न्यूट्रलमध्ये पाणी जेमतेम शहारायचं, गिअरमध्ये सांडायचं. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. नाव काठावर ओढून ठोकळ्यांवर ठेवली, तळाचा पंखा तपासला, तो फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट फिरवून पाहिला, दोन्ही सरळ. मग इंजिन आणि शाफ्ट जिथं जोडलेत, तिथल्या फटीत पातळ पत्ती फिरवून फट मापली आणि सगळीकडून सारखी केली. नाव पाण्यात गेली, की पुन्हा तेच. असं किती वेळा झालं! माहेर समोर दिसत होतं, पण मधल्या पाण्यात काही मोडेल म्हणून हे नाव पलीकडं न्यायला तयार नव्हते. मी पार वैतागले.

“अहो, ओट्यावर ठेवलेलं ताट अन् गादीवर ठेवलेलं ताट सारखंच बसतंय व्हय? तुम्ही मापताय काठावर, ठोकळ्यांवर, अन् चालवताय पाण्यात.”

त्यांनी हातातली पत्ती खाली ठेवली. “आगं… गिरणी जागची हलत न्हाय. नाव पाण्यात आंग सैल सोडती! लई शानी हायस तू.”

त्याच संध्याकाळी नाव तरंगती ठेवून, कमरेभर पाण्यात उभं राहून त्यांनी मला पत्ती कुठं सरकते ते दाखवलं. फट वर मिटलेली, खाली उघडलेली. इंजिनाखाली पत्र्याचे तुकडे सारून त्यांनी ती सारखी केली. पण टाकीत डिझेलच नव्हतं. “उद्या आणतो,” म्हणाले…

परवा धाकट्या दिरांना घेऊन मी पाण्यावर गेले. भाऊजींनी कॅन टाकीत ओतला, इंजिन सुरू केलं. मी पेला ठेवला. गिअर पडला. पाणी नुसतं शहारलं, एक थेंब सांडला नाही.

“अहो, बघा!” मी ओरडले आणि मागं वळले… त्यांची बसायची फळी रिकामी होती. इतकी आठवण मला तेराव्यालाही आली नव्हती.

“वहिनी, सोडायची का पलीकडं?” भाऊजींनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली. खाली माझी जुनी वाट होती, समोर माहेर जवळ येत होतं. पण काठ लागेपर्यंत मी वर पाहिलंच नाही. ह्यांच्यासारखी त्या पेल्याकडंच बघत बसले.