दोरीने मोजलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टरवर बसले की दाजींना अख्खं रान आपल्या बापाचं वाटायचं. खरं तर ते सासऱ्यांचं होतं आणि दाजी घरजावई. म्हणून तर लहानथोर सगळे त्यांना दाजी म्हणत. उसात ते शिरायचे सरळ, भरलेली ट्रॉली घेऊन निघायचे तिरपे, आणि डबा विसरला म्हणून परत यायचे तिसरीकडूनच. जमीन ओली असली तरी थांबणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

व्हायचं तेच झालं. तोडणीनंतर फुटलेला खोडवा दाजींच्या डोक्यावरच्या केसांसारखा निघाला, कडेला बरा आणि मध्ये उजाड.

"पाणी कमी पडलं," दाजींनी निदान केलं.

बायकोने पहार आणली. बांधालगत, जिथे चाक कधी गेलं नव्हतं, तिथे पहार मुकाट्याने आत गेली. रानाच्या मध्यावर मारली, तर खण्णकन उसळली.

"ही जमीन आहे की ओटा? मुळांनी जायचं कुठून?"

"घट्ट जमीन चांगली असते. ऊस पडत नाही."

"उगवलाच नाही तर पडेल कुठून, अहो?"

दाजी रेडिएटरमधलं पाणी बघायला गेले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांना हटकून रेडिएटर आठवायचा.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून बाहेर आले, तर बायको आणि सासरे ट्रॅक्टरला दोरी लावून मोजत होते. या चाकापासून त्या चाकापर्यंत. दाजींनी ओळखलं, ट्रॅक्टरला गिऱ्हाईक ठरलं! विचारायची छाती होईना. लग्नाआधी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर हाकून पै पै जोडून त्यांनी तो घेतला होता. या घरात आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मग दाजी सुतासारखे सरळ झाले. सासऱ्यांना चहा करून दिला. त्यांच्या जुन्या बैलाची गोष्ट पुन्हा ऐकली, आणि योग्य जागी हसलेही. ट्रॅक्टर असा धुतला की मडगार्डमध्ये तोंड बघावं.

"जावईबापूंना ताप आहे का गं?" सासऱ्यांनी लेकीला विचारलं.

शेवटी रात्री जेवताना दाजींचा बांध फुटला. "कोणाला विकताय तो?"

"काय?"

"ट्रॅक्टर! मोजलात ना सकाळी?"

बायकोने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "विकायला कशाला मोजायचा? नव्या लावणीला ओळींतलं अंतर त्याच्या चाकांच्या मापाने धरायचंय. चाकांनी दर खेपेला ठरलेल्या पट्ट्यांतूनच जायचं. तेवढे पट्टे दबले तरी चालतील, पण उसाखालची जमीन भुसभुशीत राहील. आणि ओल असली की भरलेली ट्रॉली रानात यायची नाही. कळलं?"

"म्हणजे अख्खं रान यांच्या ट्रॅक्टरच्या मापाने?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो बाबा. यांच्याच."

दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. इतकी वर्षं ते या घरात दुसऱ्यांच्या मापात बसायचा प्रयत्न करत होते. आज कोणीतरी त्यांचं माप घेतलं होतं, आणि ते हाकलून द्यायला नव्हे. त्यांना चक्क रडू आलं.

"अहो, झालं काय?"

"काही नाही," डोळे पुसत दाजी म्हणाले. "ट्रॉलीची चाकं जरा आत आहेत. उद्याच लोहाराकडे नेऊन तीही ट्रॅक्टरच्या मापाची करून आणतो."