लटारूभाऊचा धुरा

लटारूभाऊला दुसऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फावडं मारल्याशिवाय करमत नाही. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात त्याच्या भाताच्या बांधीलगतचा एकही धुरा जाड राहिलेला नाही. चिखलणीला उतरला की हळूच चार बोटं माती कोरणार, आणि वर "पाण्यानं गेली" म्हणणार. धाकटा भाऊ इसरू याला कंटाळूनच दोन हजार तीनमध्ये वेगळा निघाला.

बैल, भांडी वाटली. पाटा एकाकडे, वरवंटा दुसऱ्याकडे गेला. राहिला दोघांच्या अर्ज टाईप करायच्या दुकानातला कंप्युटर. लटारूभाऊचं पोट त्यावर होतं, आणि इसरूचं दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, लिहिलेलं नाटक त्यात होतं. कोणीच सोडेना. मी चंद्रपूरला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, म्हणून मलाही पंचांत बसवलं. मासिकासोबत फुकट आलेली लिनक्सची सीडी माझ्याकडे होतीच. म्हटलं, एकाच डब्यात दोन संसार मांडू. अर्ध्यात इसरूचं विंडोज, अर्ध्यात भाऊचं लिनक्स. चालू केलं की मशीनच विचारेल, कोणाच्या घरी जायचं? पंचांना कंप्युटर कळला नाही, वाटणी कळली. चाळीस जीबी, वीस-वीस.

"यादीत माह्यं नाव पह्यलं," लटारूभाऊ म्हणाला. "मी मोठा हावो."

एक गाढवपणा मी केला. लिनक्समधून विंडोजमधलं सगळं उघडतं, विंडोजमधून लिनक्सचं काहीच दिसत नाही, हे फक्त भाऊला सांगितलं. झालं. भावाशी बोलणं बंद, पण त्याचं नाटक रोज चोरून वाचणं सुरू. नाटकातला खलनायक कोण, तर धुरा कोरणारा थोरला भाऊ.

मंडई आठ दिवसांवर आली आणि भाऊच्या हाताला खाज सुटली. इसरूच्या वीसातले दोन जीबी आपल्याकडे ओढायला घेतले. रेघ अर्ध्यावर सरकली असेल, तेवढ्यात लोडशेडिंगची लाईट गेली. दुपारी लाईट आली, पण इसरूचं विंडोज काही उठलं नाही.

इसरू रडत माझ्याकडे आला. "दुसरी कापी नाई जी. नाटक कंपनीनं बोर्ड लावले. आता मंडईत काय उभं करू?"

मला लटारूभाऊचा इतका राग आला की चप्पल न घालताच इसरूला घेऊन दुकानात गेलो. तो पडद्यासमोर मान खाली घालून बसला होता.

"नाटक माह्याकडं हाये. उतरवून ठेवलं होतं. बसा, छापून देतो."

म्हणजे चोरी तरी कबूल. छापायला त्याने तीन तास लावले. मधेच टाईपही करत होता. मी विचारलं नाही.

इसरू तिथेच बाकावर बसून वाचू लागला. शेवटच्या पानावर थांबला. नाटकातल्या थोरल्या भावाच्या तोंडी इसरूने न लिहिलेलं एक वाक्य होतं: 'धुरा मीच कोरला रे लहान्या. पाण्यानं नाई गेला.'

"हे मी नाई लिवलं," इसरू म्हणाला.

"मशीननं लिवलं अशीन," लटारूभाऊ वर न बघता म्हणाला. "खोडून टाक."

इसरूने खिशातला पेन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला.