परातीतला तूस

परातीतला तूस काही केल्या काठाला लागेना. मी पाण्यात मधोमध बोटाने टिचक्या मारत होतो, लाटा काठापर्यंत जात होत्या आणि तूस होता तिथेच वरखाली नाचत होता. पुढे माझा वर्ग आणि मागच्या बाकांवर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांचे शिक्षक बसले होते.

महिन्यातून एकदा आमची शिक्षण परिषद भरते. एका शाळेत सगळे जमतात, कुणीतरी नमुना पाठ देतो आणि मग चहासोबत त्या पाठाचं पोस्टमॉर्टेम होतं. त्या महिन्यात पाळी माझी होती. विषय तरंग. खरं तर मी गणिताचा माणूस. विज्ञानाची जागा रिकामी, म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं. लाट पाण्याला पुढे नेते, हे मला इतकं उघड वाटत होतं की घरी प्रयोग करून बघितलाच नाही. राइस मिलमधून मूठभर धानाचा तूस आणला, पोषण आहाराची परात मागून घेतली, झाली तयारी.

"सर, जरा जोरात हाणा," केंद्रप्रमुख म्हणाले.

हाणलं. लाटा उंच झाल्या, तूसही जास्त वर उचलला गेला, पण जागच्या जागी. लाट जितकी वर उठते त्याला आयाम म्हणतात. तो वाढला होता. मग भरभर टिचक्या मारल्या. लाटा दाटीने येऊ लागल्या. म्हणजे वारंवारता वाढली आणि दोन लाटांमधलं अंतर, ज्याला तरंगलांबी म्हणतात, ते कमी झालं. बाकी सगळं परातीत दिसत होतं. फक्त लाट तूस काठाला नेते, हे मी सांगितलेलं दिसत नव्हतं.

तेव्हा मला वर्गातल्या तुळसाचा पेपर आठवला. आठवड्यापूर्वीच्या चाचणीत मी विचारलं होतं, तळ्यात दगड टाकला तर तरंगत्या पानाचं काय होईल? तिने लिहिलं, 'तिथंच वर-खाली होईल.' मी लाल पेनने भली मोठी फुली मारली. ती पेपर घेऊन विचारायला आली, तर "पुस्तक वाच" म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून या पोरीने वर्गात हात वर केला नव्हता. आताही खाली मान घालून बसली होती.

परात लहान आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग ती फुली तशीच राहिली असती, आणि ही पोरगी पुन्हा कधी बोलली नसती.

"तुळसा, तूच सांग. तूस काठाले काहून येत नाही?"

ती हळूच उठली. "सर, तुमी त चूक म्हनलं होतं."

"मी चुकलो होतो. सांग."

तुळसाच्या घरची माणसं गावतळ्यात शिंगाडे लावतात. तळ्यात डोंगा, म्हणजे लहान होडीही चालते. ती म्हणाली, "लाट काठाले येते, पानी नाही येत. डोंगा जवळून गेला का तुटलेली वेल वर होते, खाली होते, अन् तिथंच राह्यते. लाटेनं शिंगाडे काठाले आले असते, त माही माय कमरेभर पान्यात कायले उभी राह्यली असती?"

केंद्रप्रमुखांनी वही मिटली. "सर, पाठ झाला तुमचा. चहा घेऊ."

चहाआधी मी तिचा पेपर मागवला, फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले. तिने ते नीट बघून घेतले.

"सर, पुस्तकातबी आता बदलवतील का?"

"पुस्तकात आधीपासून तुझंच उत्तर आहे. मीच वाचलं नव्हतं."

ती हसली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला तिचा हात वर होता. त्या हाताचे उपकार मी विसरणार नाही. विज्ञान आजही मीच शिकवतो. प्रयोग आधी घरी करून बघतो, आणि फुली मात्र पेन्सिलने मारतो.