नीलाबाईचा एकही थेंब चुकला नाही

नीलाबाई आमच्या औंढ्याजवळच्या तांड्यावरची. अकरा वर्षांपूर्वी तिला काचबिंदू असल्याचे कळले. डोळ्यात औषध टाकताना तिचा हात थरथरे, म्हणून रोज संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन डोके मागे टाकून बसायची. थेंब मी टाकायचे आणि रोजनिशीत लिहायचे. मी गावाला गेले, तर माझी सून दोन्ही कामे करायची.

तरीही यंदा तिचा उजवा डोळा गेला. मी दवाखान्यात सोबत गेले होते. तिथे सगळ्यांसमोर तिचा मुलगा देविदास आईवर ओरडला, "याडी, तूच थेंब चुकवले असशील! काहून खोटं बोलून राहिली?"

डॉक्टरांनीही री ओढली, "ही माणसं औषध नीट घेतच नाहीत."

चोरी पकडल्यासारखी नीलाबाई मान खाली घालून बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"थेंब आमच्या घरी पडलेत, डॉक्टर. एकही चुकला नाही. अकरा वह्या आणून दाखवू?"

डॉक्टर तिचा केसपेपर चाळत म्हणाले, "काही जणांची नजर औषध घेऊनही हळूहळू जाते."

"मग हे पहिल्याच दिवशी तिला का सांगितले नाही?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

नीलाबाई लेकाकडे वळली. "ऐकलं का रे? मी न्हाई चुकवलं. अन् मला कुनी सांगितलं असतं, तर तुझ्या पोरीच्या, पुजाच्या लग्नाच्या ओढणीला तवाच आरसे लावून ठिवले असते. आता डावा डोळा हाय तवर करते. चल, घरी ने."