घाटात ‘ओव्हर’ झालेली गाडी

निवृत्तीनंतर लोक मला दरोड्यांच्या, खुनांच्या हकिगती विचारतात आणि मी त्या सांगतोही. ही एक मात्र इतकी वर्षं टाळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. ती घटना अजून जशीच्या तशी समोर उभी राहते म्हणून.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी नाशिककडचा, नुकताच बदलून आलेला फौजदार. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याची मोटार रत्नागिरीहून परतताना घाट चढत असता पेटली. अडत्या वेळेवर बाहेर पडला. ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. मलकापूरला मलमपट्टी करून त्याला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. गाडीचं काम करणारा मिस्त्री आमच्या हद्दीतला, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

खबर ड्रायव्हरनेच दिली. आठवड्यापूर्वी मिस्त्रीने गाडीला पेट्रोल पुरवणारा मोठा पंप बसवला, तेव्हा तो म्हणाला होता, “घाटात गाडी ओव्हर हुनार.” त्या दिवशी मिस्त्रीशी आपलं वाजलं होतं, असं अडत्यानेही जबाबात सांगितलं.

मला इंग्रजी येत होतं आणि त्याचा अभिमानही होता. ओव्हर म्हणजे संपली, खलास. साक्षीदारासमोर दिलेली धमकी. आणखी काय हवं?

राजारामपुरीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो एका चालू इंजिनावर वाकला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलेलं, लाकडी मूठ डाव्या कानाला. हातानेच मला ‘थांबा’ म्हणाला, पुरतं ऐकलं, मग इंजिन बंद केलं. शहरातले लोक म्हणत, हा डॉक्टरसारखी गाडी तपासतो.

ठाण्यात विचारपूस सुरू केली. पंप तू बसवलास? व्हय, म्हणाला. गाडी ओव्हर होणार, असं म्हणालास?

“म्हनलो की. दोनदा म्हनलो.”

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. मला तो उद्दामपणा वाटला. कोणाच्या सांगण्यावरून केलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, गाडीच्या मालकांच्याच. मला वाटलं, स्वतःची गाडी कोण जाळून घेईल? माझा हात सुटला. थप्पड त्याच्या डाव्या कानावर बसली. कान धरून तो बराच वेळ खाली बसून राहिला. मग पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

खोटं बोलणारा माणूस मार खाल्ल्यावर गोष्ट बदलतो, नाहीतर वाढवतो. याने काहीच बदललं नाही. ते मला खटकलं, तरी त्याला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. जीप सुरू होईना. उतावीळपणे मीच ड्रायव्हरच्या जागेवर बसलो आणि पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलो. आमचा पोलीस ड्रायव्हर शेवटी म्हणाला, “साहेब, जरा थांबा. गाडी ओव्हर झालीया.”

“म्हणजे बिघडली?”

“न्हाई वो. प्याट्रोल जास्त झालं. वास येत न्हाई व्हय?”

येत होता. मी तसाच उतरलो आणि कोठडीकडे गेलो. “मिस्त्री, ओव्हर म्हणजे काय, ते नीट सांगा,” म्हटलं. त्याला ‘सांगा’ म्हणण्याची माझी ती पहिली वेळ.

त्याने पिण्याच्या पाण्याचा पेला पुढे ओढला आणि समजावलं. इंजिनाआधी पेट्रोलची एक वाटी असते. ती भरली की आतली सुई वर सरकून वाट बंद करते. ती सुई गाडीच्या मूळच्या पंपाच्या बेताची असते. अडत्याने लिलावातून लष्करी ट्रकचा विजेवर चालणारा पंप आणला होता. घाटात कोणाची तरी गाडी त्याला मागे टाकून गेली होती. जास्त पेट्रोल दिलं की आपलीही जोरात पळेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

“इंजिन हाय त्येच हाय, साहेब. ल्हान पोराला घागरीनं दूध पाजलं म्हनून त्ये पैलवान हुतंय व्हय? ठसका लागतोय. चढाला वाटी कलती, मंग पंप सुईला ढकलनार, प्याट्रोल भाइर सांडनार, खाली धुराची तापल्याली नळी. म्हनून म्हनलो, ओव्हर हुनार.”

मग बसवलात कशाला, असं मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, मालक दुसरीकडं न्हेनार हुते. दुसऱ्यानं पंपाची नळीबी धड बांधली नसती.

त्याच दुपारी पंचांसमोर तसाच दुसरा लष्करी पंप तशाच एका गाडीला, पुढची चाकं उंचावून, थंड इंजिनावर जोडून पाहिला. मिनिटभरात वाटीच्या झाकणाखालून पेट्रोल ओघळलं आणि बरोबर एक्झॉस्टच्या नळीवर थेंब थेंब पडू लागलं. ते मी दवाखान्यात जाऊन सांगितल्यावर ड्रायव्हर रडला. मिस्त्री नको नको म्हणत होता आणि मालकच हट्टाला पेटले होते, हे त्याने सांगितलं. नोकरीच्या भीतीने आधी गप्प राहिला होता. अडत्याला बोलावलं, तर त्याने पंपाची लिलावातली पावती काढून टेबलावर ठेवली.

मिस्त्रीला सोडलं. डायरीत मी लिहिलं, ‘तांत्रिक बाबीचा उलगडा झाल्याने संशयितास मुक्त केले.’ थप्पड लिहिली नाही. एका शब्दाचा अर्थ फक्त मलाच ठाऊक नव्हता, हेही लिहिलं नाही. ते आज इथे लिहितो. माणूस एखादा शब्द बोलला तर तो त्याच्या धंद्यात कसा वापरतात, हे आधी विचारावं, एवढं मी शिकलो. पण ते मला शिकवायची किंमत दुसऱ्याने मोजली.

काही महिन्यांनी माझी बदली झाली. निघण्यापूर्वी जीप घेऊन त्याच्या गॅरेजवर गेलो. तो चालू इंजिनावर वाकला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो आणि म्हणालो, “मिस्त्री, माझं चुकलं. मी हात उचलायला नको होता.”

तो हललाही नाही. थोड्या वेळाने मला पाहून त्याने इंजिन बंद केलं.

“कवा आलासा, साहेब? ह्या बाजूनं येत जावा. तिकडचं आता ऐकू येत न्हाई.” त्यात टोमणा नव्हता. “काय म्हनत हुतासा?”

तो वाट बघत होता. शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं उभी होती, माझा हवालदार होता.

“जीपचा आवाज जरा बघा,” मी म्हणालो.

“बघतो की,” म्हणून त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, जीपच्या इंजिनावर टेकवला आणि मान अवघड वळवून मूठ उजव्या कानाला लावली.